नावाआधीचा शब्द

पंचवटीतल्या भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत गोरक्षचा छापखाना आहे. छापखाना म्हणजे आता एक संगणक, एक प्रिंटर आणि भिंतीवर टांगलेले लग्नपत्रिकांचे नमुने. समोर बसलेल्या कुटुंबाला वर गणपती हवा, कुलदैवत हवं की बुद्धाची मूर्ती, एवढं विचारलं की गोरक्ष त्याप्रमाणे तयार साचा उघडतो आणि नावं भरत जातो. नावाआधी काय लावायचं हेही साच्यात ठरलेलं असतं. बाकीच्यांच्या पत्रिकेत जिवंत माणसाला श्री., गेलेल्याला कै. बौद्धांच्या पत्रिकेत जिवंत माणसाला आयु., म्हणजे आयुष्मान. गेलेल्याला कालकथित. कालकथितांची नावं सगळ्यात वर येतात, आशीर्वाद देणाऱ्यांत. आयुष्मानांची खाली, निमंत्रण देणाऱ्यांत.

जयराम आणि लताबाई गांगुर्डे यांच्या मुलीची, तेजलची पत्रिका जुळवायला घेतली तेव्हा एका नावाशी काम अडलं. संघर्ष जयराम गांगुर्डे. तेजलचा धाकटा भाऊ. गोरक्षने सवयीने विचारलं, "यांना आयुष्मानच ना?" लताबाई हो म्हणाल्या आणि जयराम नाही म्हणाले. एकाच वेळी.

गोरक्षने दोघांकडे पाहिलं आणि संघर्षच्या नावाआधीची जागा मोकळी सोडून नमुना छापून दिला. घरी ठरवा, म्हणाला, पण सोमवारपर्यंत सांगा, नाहीतर पत्रिका वेळेत निघायच्या नाहीत.

संघर्ष बारावीनंतर जहाजावरच्या कामाचा कोर्स करून नोकरीला लागला होता. इंजिनरूममध्ये वायपर. तेल पुसायचं, गाळण्या धुवायच्या, वरचा माणूस मागेल तो पाना हातात द्यायचा. जयराम एसटीच्या डेपोत मेकॅनिक, त्यामुळे पोराला पाना धरता येतो याचं घरात कौतुक होतं. दुसऱ्या फेरीत त्याचं मालवाहू जहाज एका सामुद्रधुनीतून जात असताना त्यावर क्षेपणास्त्र आदळलं. जवळच्या किनाऱ्यावर युद्ध चालू होतं. ज्या दोन बाजू लढत होत्या त्यांतल्या एकीचंही ते जहाज नव्हतं. त्यात गहू होता. इंजिनरूममध्ये पाणी शिरलं. बाकीच्या लोकांना दुसऱ्या जहाजाने उचललं, दोघं सापडले नाहीत. त्यांतला एक संघर्ष.

कंपनीचा मेल इंग्रजीत आला. तेजलने तो मराठी करून सांगितला. त्यात 'बेपत्ता' असा शब्द होता. काही आठवड्यांनी दुसरा मेल आला, त्यात शोध थांबवल्याचं लिहिलं होतं. 'मृत' हा शब्द दोन्हींत नव्हता. लताबाईंनी तेजलला तो पुन्हा पुन्हा शोधायला लावला. नव्हता. या गोष्टीला आता दोन वर्षं होऊन गेली.

या दोन वर्षांत जेलरोडच्या त्यांच्या कॉलनीत संघर्षबद्दल कसं बोलावं हे कुणालाच नीट कळलेलं नाही. काही जण 'होता' म्हणतात आणि लताबाई दिसल्या की 'आहे' म्हणतात. पुण्यानुमोदन झालेलं नाही. माणूस गेल्यावर बौद्ध घरांत हा विधी होतो. फोटो ठेवतात, वंदना होते, लोक दोन शब्द बोलतात, जेवतात आणि घरी जातात. त्यानंतर माणूस गेलेला असतो. विहारातल्या बौद्धाचार्यांनी जयराम यांना एकदा हळूच विचारलं होतं. जयराम म्हणाले, विषय त्याच्या आईकडून निघू द्या.

पत्रिकेच्या वेळी मात्र ते अडून बसले. त्यांचं म्हणणं साधं होतं. आयुष्मान छापलं तर लग्नात प्रत्येक पाहुणा विचारणार, मुलगा कुठाय. मंडपाच्या दारात उभं राहून ते किती जणांना सांगणार? लताबाईंचं म्हणणंही साधं होतं. कालकथित छापलं तर ते छापणारे आपण. ज्यांनी क्षेपणास्त्र सोडलं त्यांनी लिहिलं नाही, कंपनीने लिहिलं नाही, सरकारने लिहिलं नाही. मग आईबापांनी का लिहायचं?

तेजलने नाव गाळूनच टाकू असं सुचवलं. त्यावर दोघंही तिच्यावर चिडले. त्या आठवड्यात त्यांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

लताबाईंचं वय सत्तेचाळीस. त्या मूळच्या मालेगावच्या. वडील लूमवर कामाला. लूमच्या खडखडाटात बोलायची सवय लागल्यामुळे त्या अजूनही जरा मोठ्यानेच बोलतात. आई आजारी पडली तेव्हा त्यांची शाळा नववीत सुटली, मग लग्न होऊन त्या नाशिकला आल्या. गेली कितीतरी वर्षं त्या महापालिकेच्या एका शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवतात. सकाळी तांदूळ निवडायचा, दुपारपर्यंत मुलांना वाढायचं, पातेली घासायची. त्यानंतरची दुपार रिकामी असे.

त्या रिकाम्या दुपारसाठी संघर्षनेच त्यांचं नाव शाळेत घातलं होतं. पहिल्या फेरीवरून तो घरी आला तेव्हा त्याने मोठ्या बायकांसाठी दुपारी चालणारे दहावीचे वर्ग शोधून काढले आणि आईला न विचारता फॉर्म भरून टाकला. लताबाई चिडल्या तेव्हा म्हणाला, "मम्मी, मी समुद्र ओलांडला. तू नववी ओलांड." जहाजाची बातमी आल्यावर त्यांनी वर्ग सोडला. पुढच्या जूनमध्ये त्या परत जाऊन बसल्या. बरोबरच्या मैनाने कारण विचारलं तर म्हणाल्या, नाव पटावर आहे ना अजून. आहे तोवर जायला पाहिजे.

मैना पंचवटीत भाजी विकते. वर्गात सगळ्यात पुढे बसते, सगळ्यात जास्त बोलते आणि गणितात सगळ्यात मागे आहे. मराठी शिकवायला सोमनाथ देवरे आहेत. नामपूरचे, घरची कांद्याची शेती, चाळीशीच्या आतले. मोठ्या बायकांना शिकवताना ते जरा अवघडून असतात आणि अवघडले की त्यांच्या बोलण्यात अहिराणी येते. मग बायका एकमेकींना 'काय शे, काय शे' म्हणत हसतात. देवरे सरांना हे माहीत आहे. ते त्यांनी चालवून घेतलं आहे.

संस्थेने या वर्गांसाठी पूरक वाचनाची एक पुस्तिका छापली आहे. डिसेंबरात त्यातला एक धडा निघाला. वेढा पडलेल्या एका परदेशी शहरातल्या तेरा वर्षांच्या मुलीच्या रोजनिशीतली काही पानं, मराठीत आणलेली. मुलीचं नाव इल्का. पहिला परिच्छेद वाचायला मैना उभी राहिली आणि तिने ते 'अलका' असं वाचलं. सरांनी दुरुस्त केलं, मैनाने पुन्हा अलकाच म्हटलं. तिसऱ्या वेळी सरांनी सोडून दिलं. तेव्हापासून त्या वर्गात ती अलकाच राहिली.

रोजनिशीत युद्धाबद्दल फारसं नव्हतं. तोफांचा आवाज कुठल्या दिशेने आला हे असे, पण एका ओळीत. बाकी सगळं घरातलं. चुरा सांडू नये म्हणून आई पाव दोऱ्याने कापते. भावाचा एक हातमोजा हरवला, तर तो आता एकच हात खिशात घालून चालतो. कोटाच्या बटणावरून आईशी भांडण झालं, आणि मग आईने स्वतःच्या कोटाचं बटण काढून हिच्या कोटाला लावलं, म्हणून पुन्हा भांडण. पाव नव्हता त्या दिवशीही तिने लिहिलं होतं. ताप होता त्या दिवशीही, वाकड्या अक्षरात. तसं तिनेच नोंदवलं होतं.

बायकांनी तो धडा देवरे सरांना नेहमीसारखा शिकवू दिला नाही. पाणी कुठून भरत होते? इतक्या थंडीत धुणं कसं वाळायचं? मैनाने विचारलं, "सर, तेरा वर्षांची म्हणजे तिला पाळी येत आसंल. तवा काय करायची ती?" सरांनी खिडकीबाहेर बघितलं आणि धड्यात तसा उल्लेख नाही म्हणाले. "धड्यात नाय, पण आसंल तर खरं," मैना म्हणाली. यावर वर्गात बराच वेळ गंभीर चर्चा झाली आणि सर तेवढा वेळ फळ्यावर शब्दार्थ लिहीत राहिले.

शेवटच्या नोंदीत अलकाने केसांबद्दल लिहिलं होतं. आई म्हणते केस कापून टाकू, लहान केस लवकर वाळतात. मी अजून हो म्हटलेलं नाही. उद्या सांगते म्हटलं आहे.

त्याखाली लहान अक्षरात छापलं होतं: रोजनिशी येथे थांबते.

"पुढं?" मैनाने विचारलं.

"पुढं काही नाही."

"नाय कसं? कापले का मग केस?"

सर म्हणाले, ते आपल्याला माहीत नाही. धडा एवढाच आहे. मैनाने पान उलटून पाहिलं. मागच्या पानावर पाणी वाचवा या विषयावरची कविता होती.

लताबाईंनी त्या तासाला काही विचारलं नाही. पण पुढच्या दिवसांत अलका त्यांच्या बोलण्यात येऊ लागली. खिचडीच्या पातेल्याच्या तळाला लागलेली खरवड काढताना त्या बरोबरच्या बाईला म्हणाल्या, हीसुद्धा अलकाने खाल्ली असती. कोण अलका, असं त्या बाईने विचारलं तर म्हणाल्या, आमच्या वर्गातली आहे. एका मुलाने ताट अर्धं टाकून दिलं तेव्हा त्या त्याच्यावर ओरडल्या, आणि इतक्या वर्षांत त्या कधी मुलांवर ओरडलेल्या नसल्यामुळे मुख्याध्यापिका स्वयंपाकघरात येऊन बघून गेल्या. घरी जयराम यांना त्या गॅसजवळ उभ्या राहून पुस्तिका वाचताना दिसत. भाकरी तव्यावर आणि पुस्तिका डब्याला टेकवून ठेवलेली. इतका कसला अभ्यास, त्यांनी विचारलं. लताबाईंनी त्यांना दोऱ्याने पाव कापायची ती ओळ वाचून दाखवली. जयराम म्हणाले, हुशार बाई होती. लताबाईंनी पुस्तिका मिटली.

अलका रोज लिहायची तसा संघर्ष रोज बोलायचा. जहाजावर इंटरनेट मोजून मिळे, तरी रोज एक निरोप बोलून पाठवायचा. त्यांत समुद्राबद्दल, जहाजाबद्दल फारसं नसे. जेवणाबद्दल असे. कुक माशात साखर घालतो. डाळ अशी पातळ की ताटात पळते. बरोबरच्या केरळच्या मुलाला मी 'लय भारी' म्हणायला शिकवलंय, तो कॅप्टनलाही म्हणतो. ताप आला होता तेव्हाही त्याने निरोप पाठवला होता, घोगऱ्या आवाजात. शेवटच्या निरोपात त्याने विचारलं होतं, तुमच्या शाळेच्या खिचडीत कोणता मसाला असतो ते सांग, कुकला सांगून बघतो. लताबाईंनी दुसऱ्या दिवशी डब्यावरचं नाव वाचून सांगितलं आणि फोडणी कशी द्यायची तेही बोलून पाठवलं. त्या निरोपापुढे एकच करडी खूण आहे. म्हणजे इथून निघाला, तिथे पोचलेला नाही. ती दुसरी खूण उमटायची राहिली आहे असं लताबाई मानत आल्या होत्या.

पत्रिकेचा नमुना घरी आला त्याच आठवड्यात देवरे सरांनी गृहपाठ दिला होता: रोजनिशी लिहिणाऱ्या मुलीचा थोडक्यात परिचय करून द्या. लताबाईंनी तो जेवणानंतर, ओट्यावरचं आवरून झाल्यावर लिहिला. समोर पत्रिकेचा नमुना पडला होता, त्यावरची ती मोकळी जागा दिसत होती. त्यांनी नमुना उलटा करून ठेवला आणि वहीत लिहायला लागल्या. अक्षर बरं आहे त्यांचं. एकटाकी लिहून त्यांनी वही पिशवीत टाकली, पुन्हा वाचली नाही.

शुक्रवारी सरांनी वह्या परत दिल्या. एकेकीला टेबलाशी बोलावून ते चुका दाखवत होते. लताबाईंच्या वहीत पहिल्याच ओळीतल्या पहिल्याच शब्दाभोवती लाल गोल होता. ओळ अशी होती: कालकथित अलका ही एक सोशीक आणि प्रामाणिक मुलगी होती.

सर त्या दिवशी चांगल्या मूडमध्ये होते. "हाई काय शे, लताबाई?" ते म्हणाले. मागे बायका हसल्या.

लताबाईंनी वाकून बघितलं. आपण असं लिहिलंय हे त्यांना तिथे दिसलं. "कालकथित," त्या म्हणाल्या. "आमच्यात लावतात. गेलेल्या माणसाच्या नावाआधी. तुमच्यात कैलासवासी म्हणतात ते."

"शब्द कळला मला. पण ती गेली असं धड्यात कुठं आहे?"

"रोजनिशी थांबली ना, सर."

"थांबली म्हणजे थांबली. वही संपली असेल. दुसरीकडं नेलं असेल त्यांना. युद्ध संपल्यावर मोठी झाली असेल, म्हातारी झाली असेल. जे लिहिलेलंच नाही ते आपण नाही ठरवायचं. परीक्षेत मार्क जातील."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पाठ्यपुस्तक वाचायची हीच रीत आहे, आणि लताबाई घरी जे बोलत आल्या होत्या तेही नेमकं हेच होतं, शब्दाला शब्द. कुणी लिहिलेलं नाही, मग आपण का ठरवायचं? या वेळी त्यांनी सरांना हो म्हटलं असतं तर चाललं असतं. त्यांच्या तोंडून वेगळंच आलं.

"सर, ती रोज लिहीत होती. पाव नव्हता तेव्हा लिहिलं. ताप होता तेव्हा लिहिलं. केस कापले का ते उद्या सांगते म्हणाली होती." त्यांचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, त्यामुळे सगळ्या वर्गाला ऐकू गेलं. "असती तर लिहिलं असतं तिनं."

सर काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात त्यांचं लक्ष मैनाकडे गेलं. मैना बाकावरून उठून उभी राहिली होती आणि मान हलवून त्यांना गप्प राहायला सांगत होती. मैना वर्गात कुणाला गप्प करते हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. लताबाईंनी वही उचलली, जागेवर जाऊन बसल्या आणि तास संपेपर्यंत बसून होत्या. पुस्तिका उघडी होती, पान तेच होतं. त्या रडल्या नाहीत. त्यांच्या शेजारी बसणारी बाई नंतर म्हणाली की त्या पेनाचं टोपण लावत होत्या आणि काढत होत्या, लावत होत्या आणि काढत होत्या.

देवरे सर या वर्गावर या जूनपासूनच आले होते. त्यांना माहीत नव्हतं. वर्ग सुटल्यावर मैनाने व्हरांड्यात त्यांना सगळं सांगितलं. ते फाटकापर्यंत लताबाईंच्या मागे गेले. रिक्षाची वाट बघत त्या उभ्या होत्या. काय बोलायचं हे सरांनी ठरवलं नसावं.

"लताबाई, मी धड्याचं बोलत होतो," ते म्हणाले.

"मी पण धड्याचंच बोलत होते, सर."

रिक्षा आली, त्या बसून गेल्या.

घरी त्यांनी भाजी केली, भाकऱ्या केल्या. जयराम डेपोतून आले, हात धुवायला मोरीत गेले. ग्रीस निघायला वेळ लागतो, ते बराच वेळ साबण लावत बसतात. लताबाई मोरीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि पाठमोऱ्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, गोरक्षला सांगायला मी जाते उद्या."

जयराम यांनी नळ बंद केला. काय सांगणार असं त्यांनी विचारलं नाही. हाताला साबण तसाच होता. मग म्हणाले, "मी येऊ का?"

"नको."

"तेजलला ने."

"तिचं लग्न आहे. तिला कशाला."

जयराम यांनी नळ पुन्हा सुरू केला आणि हात धुतले, आणि धुऊन झाल्यावरही धूत राहिले. दोन वर्षं ते ज्या गोष्टीसाठी थांबले होते ती झाली होती. त्या दिवशी ते जेवले नाहीत. बायको 'तो गेलेला नाही' म्हणत होती तोवर आपलंही थोडं भागत होतं, हे त्यांना मोरीतच कळलं असं त्यांनी नंतर तेजलला सांगितलं. एक जण नाही म्हणत होतं, म्हणून दुसऱ्याला हो म्हणता येत होतं.

शनिवारी सकाळची शाळा असते. खिचडी लवकर वाढून झाली. लताबाई तशाच, हळदीच्या हातांनी पंचवटीत आल्या. बाजारात मैना मेथीच्या जुड्या लावत होती. तिने त्यांना पाहिलं, हाक मारली नाही. गिऱ्हाईक सोडून त्यांच्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि तिथून परत फिरली.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. लताबाईंनी नमुना पिशवीतून काढून काउंटरवर ठेवला. मोकळ्या जागेवर त्यांनी पेनाने लिहून आणलं होतं. गोरक्षने वाचलं. त्याने मान हलवली, संगणकाकडे वळला आणि थांबला.

"मावशी, कालकथित असेल तर नाव वर घ्यावं लागतं. आशीर्वादात."

त्यांच्या हे लक्षात आलं नव्हतं. शब्द बदलला की जागाही बदलते. त्यांनी पडद्याकडे बघितलं. वर दोनच नावं होती, कालकथित पुंजा गांगुर्डे आणि कालकथित कुसाबाई गांगुर्डे. जयराम यांचे वडील आणि आई.

"घे वर," त्या म्हणाल्या. "आजीच्या बाजूला घे. तिच्याजवळ झोपायचा तो."

गोरक्षने नाव उचलून वर नेलं. बाविसाव्या वर्षी गेलेला मुलगा ऐंशीच्या पुढे जाऊन वारलेल्या आजीच्या शेजारी आला. त्याखालची ओळ होती: यांच्या शुभाशीर्वादाने. गोरक्ष त्या ओळीवर अडखळला. त्याच्या कामात अशी शंका येते तेव्हा ती विचारावीच लागते, नाहीतर छापून झाल्यावर लोक भांडतात.

"मावशी, हा नवरीचा मोठा भाऊ की लहान?"

"लहान."

"मग लहान भावाचा आशीर्वाद कसा? लोक हसतील. स्मृतीस अभिवादन असं करू का याच्यापुरतं?"

लताबाई स्टुलावर बसल्या. आत्तापर्यंत त्या उभ्याच होत्या. तेजल त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. तो तिला ताई म्हणायचा नाही, तेजल्या म्हणायचा. पहिल्या फेरीवर जाताना तिच्या पाया पडायला सांगितलं तर त्याने तिच्या चपलेला हात लावून कानाला लावला होता, आणि तिने त्याला पाठीत धपाटा घातला होता. त्या धपाट्याचा आवाज मोठा झाला होता. सगळे हसले होते, तोही.

"राहू दे तसंच," त्या म्हणाल्या. "देईल तो."

गोरक्षने ओळ तशीच ठेवली. मग तो खाली आला, निमंत्रण देणाऱ्यांच्या यादीत, जिथे ते नाव आधी होतं. तिथे आता काही करायचं नव्हतं. खालची नावं आपोआप एकेक ओळ वर सरकली होती. यादीत मोकळी जागा राहिली नव्हती.

त्याने नवा नमुना छापला आणि तपासून घ्या म्हणाला. लताबाईंनी तो हातात घेतला आणि वर्गात वाचतात तसा बोट ठेवून, मोठ्याने वाचला. संघर्षच्या नावाशी आल्यावर त्या थांबल्या, वरचा रफार बघितला, बरोबर होता. पुढची नावं त्यांनी मनात वाचली.